शब्दांचा सातबारा

परवाची गोष्ट. संध्याकाळची वेळ. मी मेथी निवडत बसले होते, सासूबाई टीव्हीसमोर आणि नववीतली लेक जमिनीवर पुठ्ठे, स्केचपेन, गोंद असा सगळा पसारा मांडून. शाळेत इंग्रजीचा प्रोजेक्ट होता, 'शेक्सपिअरने तयार केलेले शब्द'. चार्टच्या मधोमध त्या टक्कलवाल्या शेक्सपिअरचं चित्र आणि त्याच्याभोवती सूर्याच्या किरणांसारखे शब्द. लोनली, मॅनेजर, बेडरूम, आयबॉल, बम्प, स्वॅगर...

"आई, एकट्या माणसाने सतराशे शब्द बनवलेत! सतराशे!" लेक डोळे मोठे करून म्हणाली.

तेवढ्यात सासूबाईंनी हात पुढे केला, "अगं, तो बदल्या दे जरा इकडे."

"आज्जी, त्याला रिमोट म्हणतात. बदल्या असा शब्दच नाहीये!"

"नाही कसा? मी म्हणतेय की!" सासूबाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी बदल्या घेऊन चॅनेल बदललं.

लेक खूप हसली. मीही हसले. पण भाकऱ्या थापताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. 'मी म्हणतेय की!' एका माणसाने शब्द केला तर त्याचा चार्ट होतो आणि दुसऱ्या बाईने केला तर "असा शब्दच नाहीये"? असं का बरं?

खरं सांगू? शेक्सपिअरचं आणि माझं नातं तसं फार प्रेमाचं नव्हतं. तालुक्याच्या कॉलेजात मी इंग्रजी घेऊन बी. ए. केलं. मराठी शाळेतून आलेल्या आम्ही मुली. पहिल्याच महिन्यात मला उभं करून वाचायला सांगितलं आणि माझे उच्चार ऐकून सरांनी माझी नक्कल केली. सगळा वर्ग हसला. त्यानंतर तीन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. शेक्सपिअर म्हणजे काचेच्या कपाटातली चांदीची भांडी, लांबून बघायची, हात लावायचा नाही, असंच मनात बसलं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, दुपारच्या मोकळ्या वेळात, एका हाती नाटक आणि दुसऱ्या हाती डिक्शनरी घेऊन मी त्याला परत वाचायला घेतलं. तेव्हा कळलं, अरे, हा तर आपल्यातलाच निघाला!

आपल्यातलाच म्हणजे कसा? स्ट्रॅटफर्ड नावाच्या गावातला. १५६४ सालचा जन्म. बाप हातमोजे करायचा धंदा करणारा. पोरगा गावातल्याच शाळेत शिकलेला, कॉलेजचं तोंड न पाहिलेला. लंडनला जाऊन नाटकं लिहायला लागला तेव्हा तिथल्या शिकल्या-सवरल्या लेखकांच्या पोटात दुखायला लागलं. १५९२ मध्ये रॉबर्ट ग्रीन या लेखकाच्या नावाने छापलेल्या पुस्तिकेत त्याला दुसऱ्यांची पिसं लावून मिरवणारा कावळा म्हणून हिणवलं होतं. म्हणजे 'तुला काय येतंय?' हे त्यालाही ऐकून घ्यावंच लागलं होतं. आणि त्याच माणसाच्या नावावर आज सतराशे शब्द!

पण हे सतराशे शब्द त्याच्या नावावर चढवले कोणी? इथेच खरी गंमत आहे.

१८५७ मध्ये लंडनच्या एका अभ्यासमंडळाने ठरवलं, की इंग्रजीतल्या प्रत्येक शब्दाचा जन्मापासूनचा इतिहास सांगणारा कोश करायचा. तोच पुढे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी झाला. पद्धत साधी होती. हजारो माणसांनी घरबसल्या पुस्तकं वाचायची, शब्द दिसला की तो वाक्यासकट चिठ्ठीवर लिहायचा आणि पोस्टाने पाठवायचा. संपादक जेम्स मरे यांच्या घरच्या आवारात पत्र्याची एक खोलीच या चिठ्ठ्यांसाठी बांधली होती. त्यांची मुलं-मुलीसुद्धा चिठ्ठ्या अक्षरवार लावायला बसायची. एखाद्या शब्दाची सगळ्यांत जुनी चिठ्ठी ज्या लेखकाची, त्याचं नाव त्या शब्दापुढे पहिलं.

आता सांगा, घरोघरी कपाटात कोणाचं पुस्तक असणार? शेक्सपिअरचं! त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, त्याच्या दोन जुन्या सोबत्यांनी त्याची ३६ नाटकं एकत्र छापली. त्यातली निम्मी तर तोवर छापलीच गेली नव्हती. त्या काळातल्या इतर कितीतरी लेखकांची पानं उंदरांनी खाल्ली, आगीत गेली किंवा पडून राहिली. शेक्सपिअरचं मात्र पान न् पान पुन्हा पुन्हा छापलं गेलं, वाचलं गेलं. वर त्याच्या शब्दांची तयार यादी! कोणता शब्द कोणत्या नाटकात कुठे आलाय, ते सांगणारी. ही यादी कोणी केली माहीत आहे? एका बाईने. मेरी काउडन क्लार्क तिचं नाव. १८२९ मध्ये, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं असताना, तिने हे काम हाती घेतलं. ते १८४५ मध्ये छापून पूर्ण झालं. सोळा वर्षं! कॉम्प्युटर नाही, काही नाही. नुसता कागद, शाई आणि चिकाटी. अशा याद्या हाताशी असल्या की शेक्सपिअरमध्ये शब्द शोधणं किती सोपं! इतरांच्या जाडजूड पुस्तकांत कोण कशाला डोकं घालतंय?

म्हणून झालं काय, की शब्द पहिल्यांदा जिथे सापडला तिथेच तो जन्मला असं सगळे धरून चालले. शेताचं कसं असतं? राबतं कोण आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचं! तसंच हे.

गेल्या काही वर्षांत जुनी पुस्तकं कॉम्प्युटरवर आली आणि शब्द शोधणं सोपं झालं, तसे या सातबाऱ्यात फेरफार होऊ लागले आहेत. इंग्रजीत व्यर्थ धावाधावीला 'वाइल्ड गूज चेस' म्हणतात. हा शब्दप्रयोग शेक्सपिअरचा, असं कितीतरी पिढ्या शिकल्या. पण ऑस्ट्रेलियातले अभ्यासक डेव्हिड मॅकिनिस यांनी दाखवून दिलं, की जर्व्हेस मार्कहम नावाच्या लेखकाने १५९३ मध्ये घोडेस्वारीच्या पुस्तकात तो एकदा नाही, चांगला सहा वेळा वापरला होता. तिथे तो घोड्यांच्या शर्यतीचा एक प्रकार होता. असे एकेक दाखले निघत आहेत आणि तो सतराशेचा आकडा खाली उतरतो आहे.

मार्कहमची निदान पुस्तकं तरी होती. ज्यांनी एक ओळसुद्धा लिहिली नाही त्यांचं काय? मला खरा विचार पडला तो लेकीच्या चार्टवरच्या एका छोट्या शब्दाने. बम्प. म्हणजे आपलं टेंगूळ.

हा शब्द येतो 'रोमिओ आणि ज्युलिएट'मध्ये. सुमारे १५९५ चं नाटक. आणि तो म्हणतं कोण? रोमिओ नाही, राजा नाही, सरदार नाही. ज्युलिएटची दाई! ज्युलिएटच्या लग्नाची बोलणी चालली आहेत आणि ही बाई आपली आठवणीत रमली आहे. अकरा वर्षांपूर्वी भूकंप झाला त्याच दिवशी मी पोरीचं दूध तोडलं, आदल्याच दिवशी ती पडली होती, कपाळावर हे एवढं टेंगूळ आलं होतं, माझा नवरा तिला उचलून घेऊन काय म्हणाला... एकदा सांगते, दोनदा सांगते, स्वतःच हसते. मालकीण म्हणते, "पुरे झालं, गप्प बस आता," तरी थांबत नाही. मध्येच एका वाक्यात सांगून जाते, की तिची स्वतःची मुलगी ज्युलिएटच्याच वयाची होती, ती देवाघरी गेली. किती ओळखीची बाई आहे ना ही? प्रत्येक लग्नघरात एक असतेच.

आणि दूध कसं तोडलं म्हणता? दवण्याच्या कुळातली एक कडूजहर वनस्पती छातीला लावून! माझ्या आजीने कोरफड लावली होती. कोणी कडुनिंब लावतात. सातासमुद्रापलीकडे, चारशे वर्षांपूर्वी, तीच युक्ती. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. हे कॉलेजात आम्हाला कोणी सांगितलंच नाही!

आता मला सांगा मैत्रिणींनो, पडलेल्या पोराच्या कपाळावरच्या सुजेला शब्द हवा म्हणून इंग्लंडातल्या आया काय शेक्सपिअरच्या जन्माची वाट बघत बसल्या होत्या? पोरं पडत होतीच, टेंगळं येत होतीच. तसाच दुसरा शब्द 'प्यूक', बाळाने दूध ओकणं. त्याच्याही सुरुवातीच्या नोंदींत शेक्सपिअरचं 'ॲज यू लाइक इट' हे नाटक येतं आणि तिथेही ते बाळ दाईच्याच हातात आहे. लेखकाने हे शब्द टेबलाशी बसून शोधले असतील, असं कोणत्याही आईला विचारा, ती मान हलवेल. माझं मत विचाराल तर हे शब्द त्याने ऐकले. आईकडून, बायकोकडून, शेजारणीकडून, बाजारात, विहिरीवर. त्याचा पुरावा मी देऊ शकत नाही. कसा देणार? पुरावा म्हणजे कागद आणि कागद त्या बायकांपर्यंत पोहोचलाच नव्हता.

ते किती खरं आहे बघा. शेक्सपिअरच्या दोन मुली जगल्या. थोरली सुझॅना सही करू शकत होती. धाकटी ज्युडिथ मात्र १६११ च्या एका खरेदीखतावर साक्षीदार म्हणून निशाणी करून मोकळी झाली. आपण अंगठा म्हणतो, तसंच. जगातल्या एवढ्या थोर लेखकाची सख्खी लेक! त्याच्या आईचीही कागदपत्रावर निशाणीच आहे. त्याच्या घरातल्या या बायका दिवसभर काय मुक्या राहत होत्या? बोलत असणारच. भरपूर बोलत असणार. पण नोंद झाली ती फक्त घरातल्या एका लेखणीची.

आणि बायका नुसत्या बोलत नव्हत्या, भाषा पुढे नेत होत्या. हे मी मनाचं सांगत नाही. फिनलंडमधल्या तेर्तू नेवालाइनेन आणि हेलेना राउमोलिन-ब्रुनबेर्ग या दोन अभ्यासक बायकांनी त्या काळातली हजारो इंग्रजी पत्रं तपासली. 'हॅथ' जाऊन 'हॅज' येणं, 'यी' जाऊन 'यू' येणं, असे जे बदल इंग्रजीत कायमचे रुजले, त्यांत पुरुषांपेक्षा बायका पुढे होत्या, असं त्यांना आढळलं. आज आपली मुलं शाळेत जे 'यू' आणि 'हॅज' घोकतात ना, त्याची वाट अशा बायकांनी मळलेली आहे. पण त्यांचा चार्ट कोणी करत नाही.

उलट बायकांच्या बोलण्याचं काय झालं ते 'गॉसिप' या शब्दात बघा. हा शब्द शेक्सपिअरच्या आधीचा. मूळ अर्थ किती सुंदर! देवाच्या साक्षीने जोडलेलं नातं, बाळाचे धर्माचे आईबाप. पुढे बाळंतिणीच्या खोलीत सोबतीला बसणाऱ्या सख्यांना तो लागू झाला. शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'च्या शेवटी गॉसिप्सची मेजवानी आहे, ती म्हणजे चक्क बारशाचं जेवण! पण रात्रभर जागून बाळंतिणीला धीर देणाऱ्या त्या बायकांच्या गप्पांना हळूहळू 'रिकामटेकड्या चहाड्या' म्हटलं गेलं आणि शब्दाचा अर्थच नासला. चार पुरुष पारावर बसले की 'चर्चा', चार बायका ओट्यावर बसल्या की 'गॉसिप'. हे काही आजचं नाही!

म्हणून शेक्सपिअरला खोटं ठरवायचं का? मुळीच नाही. त्याने शब्द केले नाहीत असं कोण म्हणेल? इंग्रजीत 'एल्बो' म्हणजे कोपर. त्याने 'किंग लिअर'मध्ये त्याचं सरळ क्रियापद केलं, कोपराने ढकलणं. आपण लाथेवरून 'लाथाडणं' आणि हातावरून 'हाताळणं' केलं, तसंच. दोन साधे शब्द शेजारी ठेवून तिसरा करायचा, पुढे नकार जोडून अर्थ उलटा करायचा, हे तो जाता जाता करायचा. 'लोनली' या शब्दाचं श्रेयही त्याला देतात. 'कोरिओलेनस' नाटकात देशाबाहेर घालवलेला मुलगा आईचा निरोप घेताना तो उच्चारतो. आणि माझ्या मते त्याचं खरं मोठेपण आणखी वेगळं आहे. त्याचे कान उघडे होते. मालकिणीने "गप्प बस" म्हटलं तरी त्याने दाईला बोलू दिलं. सरदारांच्या भाषेइतकीच तिच्या भाषेला रंगमंचावर जागा दिली. म्हणून तर ते टेंगूळ चारशे वर्षं टिकलं. मला तक्रार करायची आहे ती त्याच्याबद्दल नाही. 'त्याने पहिल्यांदा लिहिला' याचं 'त्याने निर्माण केला' असं करून टाकणाऱ्या आपल्या सवयीबद्दल आहे.

त्या मोठ्या कोशाची गोष्टही तशीच संपली. शेकडो बायकांनी त्यासाठी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. मरे यांच्या मुली तर मोठेपणीही तिथेच काम करत राहिल्या. १९२८ मध्ये कोश पूर्ण झाला तेव्हा लंडनमध्ये जंगी मेजवानी झाली. बायकांना पंगतीत जागा नव्हती. काही जणींना सज्जात बसून खालची पंगत बघायची परवानगी मिळाली. आणि त्या कोशाच्या पहिल्या आवृत्तीतून चिठ्ठी हरवल्यामुळे एक शब्द सुटून गेला होता. कोणता? 'बॉण्डमेड'. म्हणजे बटीक, विकत घेतलेली दासी! योगायोगच तो. पण वाचून मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देता येत नाही, कारण माझ्या घरातही असं एक काही हरवलं आहे.

माझ्या आईचा एक शब्द होता, 'घररितं'. आम्ही बहिणी एकेक करून सासरी गेलो. माहेरपणाला आलो की घर गजबजायचं आणि आम्ही परतलो की दुसऱ्या दिवशी आईचा फोन यायचा, "पोचलीस ना? आज नुसतं घररितं वाटतंय गं." रिकामं घर आणि रितं मन, दोन्ही त्या एका शब्दात. लोनलीपेक्षा कितीतरी जास्त! मी हा शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकला नाही. तो तिनेच केला की तिच्या आईचा, ते विचारायचं राहून गेलं. आई गेली त्याला आता सहा वर्षं झाली. तिचे असे पुष्कळ शब्द होते. मी आणि बहिणी मिळून आठवायला बसलो तर आम्हाला सात आठवले. फक्त सात! एका बाईच्या सत्तर वर्षांच्या बोलण्यातले सात शब्द. बाकीचे तिच्याबरोबरच गेले.

आपल्याकडे हे थांबवता येतं, हे एका कामाने दाखवलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संस्थेने २०१७ पासून त्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली. त्यात मला सगळ्यांत काय आवडलं? ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. पहाटे दळताना म्हटलेल्या शब्दांच्या सातबाऱ्यावर शेवटी दळणारीचं नाव लागलं!

म्हणून मैत्रिणींनो, आज एक काम सांगते. त्याला पैसे लागत नाहीत. घरात मुलांची अर्धवट राहिलेली एखादी वही असेलच. ती घ्या. आई, सासू, आत्या, मावशी, शेजारच्या काकू, शेतावर येणारी मावशी यांच्या तोंडून असा एखादा वेगळा शब्द निघाला, की तो लिहून ठेवा. शब्द, अर्थ, तो कशावरून बोलल्या ते वाक्य, त्यांचं नाव, गाव आणि तारीख. बस्स. हसू नका आणि "असा शब्दच नाहीये" असं तर अजिबात म्हणू नका. आणि मुलं इंग्रजी शिकताना आपल्यापुढे मिरवायला लागली, तर त्यांना दाईची गोष्ट सांगा. इंग्रजीला घाबरू नका. तीही कोणाच्या तरी आईच्याच तोंडात वाढली आहे.

लेकीला मी हे सगळं सांगितलं. आधी तिने कपाळाला आठ्या घातल्या, कारण चार्ट परत करायला लागणार होता. मग तिने वरच्या मथळ्यावर कागद चिकटवला आणि नवीन लिहिलं, 'शेक्सपिअरच्या लेखणीत पहिल्यांदा सापडलेले शब्द'. शाळेत बाईंना काय वाटतं ते बघू!

आणि आमच्या वहीचं पहिलं पान तिच्याच अक्षरात आहे. 'बदल्या : टीव्हीचा रिमोट.' दुसरा शब्द 'अर्धकान्या', म्हणजे बायको बोलत असताना पेपर वाचत हुं हुं करणारा माणूस. हा कोणावरून निघाला ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आमचे हे तेव्हाही पेपरच वाचत होते!

सासूबाईंनी वही हातात घेतली, चष्मा लावून दोन्ही शब्द वाचले आणि नातीला म्हणाल्या, "माझं नाव पूर्ण लिही. माहेरचंसुद्धा. बदल्या सासरचा आहे, पण अर्धकान्या माझ्या आईचा."